फुलसावंगीचं लेदर

मोठ्या जाऊबाईंना चामड्याचा सोफा घ्यायचा होता आणि तो निवडायला त्यांनी मला बोलावलं. त्यात नवल नव्हतं. मी यवतमाळात घरीच सोफ्यांची कव्हरं शिवते. कुठला सोफा किती टिकेल, हे मी त्याच्यावर एकदा बसून, शिवणीत बोट घालून सांगू शकते. ही विद्या मला जाऊबाईंच्याच घरात मिळाली आणि मी ती त्यांच्यावरच चालवली. हे लिहायला मला वेळ लागला. मुळात मी बोलतच कमी. नवरा म्हणतो, "तुह्या तोंडातून शब्द काढनं म्हणजे आटलेल्या विहिरीत बादली सोडनं हाये." तर आज गाळासकट काढते.

आधी माझा सोफा.

माझं माहेर फुलसावंगी. वडिलांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे लहानपणी मला त्यांच्या भुवया पांढऱ्याच आठवतात. आमच्याकडे मुलीला दिलेलं आंदण मांडवात ओळीनं मांडून ठेवतात. कपाट, पलंग, भांडी, शिलाई मशीन. मुलाकडच्या बायका जेवायच्या आधी तिथून एक चक्कर मारतात, पातेल्यांवर टिचकी मारतात, कपाटाचं दार उघडून आत डोकावतात. कुणी काही बोलत नाही, पण सगळं लक्षात ठेवतात. माझ्या आंदणात वडिलांनी पुसदहून सोफा आणला होता. टेम्पोच्या मागच्या बाजूला, ओरखडा पडू नये म्हणून, ते स्वतः त्याला कवटाळून बसून आले. दुकानदारानं सांगितलं होतं, लेदरचा आहे. वडिलांनी मानलं. ज्वारीत माती किती हे ते मूठभर दाण्यांवरून सांगत, पण चामड्याशी त्यांचा संबंध पायातल्या चपलेपुरता. मांडवात ते प्रत्येकाला म्हणत होते, "लेदरचा हाये जी. हात लावून पाहा."

तो रेक्झिनचा होता.

आमचं सासर पांढरकवड्याचं, तेव्हा घर एकत्र होतं. दोन उन्हाळे गेले आणि सोफ्याला भेगा पडल्या, मग पोपडे सुटायला लागले. काळे, नखाएवढे. झाडू मारताना जाऊबाई ते सुपलीत गोळा करायच्या आणि शेजारीण आली की सुपली पुढे करायच्या. "हे पाहा व, लेदर. फुलसावंगीचं लेदर." बाया हसायच्या. मीही हसायचे, नव्या सुनेला दुसरं काय करता येतं? पुढे तो घरातला वाक्प्रचारच झाला. दुधात पाणी निघालं, "फुलसावंगीचं लेदर." साडीचा रंग गेला, "फुलसावंगीचं लेदर." घरातली लहान पोरंसुद्धा म्हणायची, त्यांना तर ते एखाद्या गावाचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं.

एवढंच असतं तर मी विसरले असते. खरंच विसरले असते असं मला वाटतं.

एकदा वडील भेटायला आले. पांढरी पँट, पांढरा सदरा, हातात गिरणीवरच्या गव्हाच्या पिठाची पिशवी. ते सोफ्यावर बसले आणि जाऊबाई आतून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या. "काकाजी, सोफ्यावर नका बसू जी. तुमचं लेदर तुमच्याच कपड्याले चिकटन." बैठकीत चार माणसं होती. वडील उठले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. निघताना पाठमोरे झाले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या पँटच्या मागच्या बाजूला काळे पोपडे चिकटले होते. मी झटकायला पुढे झाले तर जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे व. एसटीतल्या लोकायलेही समजू दे." ते तसेच स्टँडवर गेले. त्यानंतर ते त्या घरी आले, पण दाराच्या आत आले नाहीत. "बस लागून राह्यली," म्हणायचे, आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून जायचे. मग गेले, कायमचेच.

सोफ्याचे पोपडे दिसू नयेत म्हणून मी त्याला कव्हर शिवलं. ते पाहून शेजारणीनं शिवून मागितलं. तिथून माझा धंदा सुरू झाला. पुढे आम्ही यवतमाळला आलो, नवऱ्याची नोकरी, माझं मशीन. लोक म्हणायचे, हिच्या हातात कला आहे. माझ्या हातात काय होतं, ते मला माहीत होतं.

आता जाऊबाईंच्या मुलीविषयी सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट नुसती दोन जावांची भांडणं झाली असती. मला मूलबाळ नाही. पुतणी कॉलेजसाठी यवतमाळला आली ती माझ्या घरी राहिली. माझ्या हातचं खाल्लं, माझ्या मशीनवर शिवायला शिकली, ताप आला की आईला फोन न करता मला हाक मारायची. तिच्या आईचा राग मी तिच्यावर कधी काढला नाही. हे मी अभिमानानं सांगायचे, मनातल्या मनात.

तर जाऊबाईंनी पांढरकवड्याला जुनं घर पाडून नवं बांधलं आणि हॉलसाठी त्यांना एल आकाराचा चामड्याचा सोफा हवा होता. आम्ही दोघी यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मी चांगल्या मनानं गेले होते. हे कुणी मानो न मानो. सकाळी निघताना मी ठरवलं होतं की त्यांना चांगला निवडून द्यायचा, असा की मरेपर्यंत पुरेल, आणि त्यावर बसताना त्यांना रोज माझी आठवण यावी. तोही एक प्रकारचा सूडच, पण निरुपद्रवी.

दुकानात दोन सोफे होते त्यांना आवडण्यासारखे. एक तपकिरी, जरा मंद रंगाचा. त्याच्या पाठीवर एक पुसट ओरखडा होता, हात टेकायच्या जागी बारीक टिपके, जनावराच्या अंगावर गोचीड चावल्यावर राहतात तसे. मी अंगठा दाबला तर कातडीवर सुरकुत्या उमटल्या आणि हळूच विरल्या. गादीची चेन उघडून आतली कड पाहिली, केसाळ, खरखरीत. अस्सल. दुसरा काळाभोर, आरशासारखा, एकही डाग नाही. त्याची कड पाहिली तर पातळ चामडीसारखा थर आणि खाली सरळ कापड. वास मात्र चामड्याचाच. जाऊबाई फोनवर बोलत बाहेर गेल्या तेव्हा दुकानातला माणूस माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमाले समजते म्हणून सांगतो. काळा बाँडेड हाये. चामड्याचा भुगा गोंदात घालून कापडावर चिकटवते. आपल्या इकडच्या उन्हाळ्यात नाही टिकत तो. तपकिरी घ्या, असली हाये."

मी म्हणाले, "हो, तपकिरीच."

जाऊबाई आत आल्या. तपकिरीकडे त्यांनी पाहिलंही नाही, काळ्यावर जाऊन बसल्या आणि हात फिरवला. मग त्या माणसाला म्हणाल्या, तोंडभर हसत, "पाहा भाऊ, आपल्याले असली पाह्यजे. फुलसावंगीचं लेदर नाही पाह्यजे." त्यानं विचारलं, "ते काय असते जी?" तर त्यांनी त्याला सगळी गोष्ट सांगितली. सुपली, पोपडे, सगळं. वडिलांची पँटसुद्धा. माझ्यासमोर. वाईट मनानं नाही, हे जास्त वाईट. त्यांना ती आता नुसती गंमत वाटत होती. माझा दंड धरून म्हणाल्या, "हिचाच बाप. मोठा भोळा मानूस बाप्पा."

मला आठवतं, दुकानात एसी होता आणि माझे कान तापले होते.

"कोनता घेऊ व?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले कोनता आवडला?"

"हा काळा. पण तुले समजते. त्या तपकिरीले डाग हायेत नं?"

चामड्याचा डाग म्हणजे चामडं अस्सल असल्याची खूण. मी म्हणाले, "हो. डागाचा कायले घेता? हा पाहा किती साफ हाये."

दुकानातल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि कागद आणायला गेला. जाऊबाईंनी माझा हात दाबला. "तू होती म्हणून बरं. नाही तं मी फसली असती."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी वरण-भात खाल्ला आणि शांत झोपले. कितीतरी वर्षांत अशी झोप लागली नव्हती. हे मी कबूल करते, कारण पश्चात्तापाच्या गोष्टीत लोक आधी टोचणी लागल्याचं सांगतात. मला टोचणी लागली नाही. मी हिशोब केला: दोन उन्हाळे. मग सुपली, मग पोपडे, मग मी जाईन, बसेन, उठेन, साडी झटकेन आणि फक्त त्यांच्याकडे बघेन. बोलणार काहीच नाही. मी त्या दिवसाची वाट बघायला लागले, जशी कुणी सणाची बघतं.

पण जाऊबाईंनी सोफ्यावरची पन्नी काढलीच नाही.

आपल्याकडे ही एक रीतच झाली आहे. कंपनीची प्लॅस्टिकची पन्नी काढली की वस्तू जुनी झाली, म्हणून लोक फ्रीजच्या दारावरची, टीव्हीच्या कडेची, गाडीच्या सीटवरची पन्नी वर्षानुवर्षं ठेवतात. जाऊबाई त्या सोफ्यावर कुणाला बसू देईनात. स्वतः खाली सतरंजीवर बसायच्या आणि पाहुण्यांना खुर्च्या द्यायच्या. मी गेले की म्हणायच्या, "पाहा, कसा नवा हाये अजून." पन्नीखाली घाम धरल्यासारखं झालं होतं, पण त्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

आणि मग पुतणीचं लग्न ठरलं. मारेगावचं स्थळ, चांगले लोक. मुलाकडच्यांनी सांगितलं, "आमाले काही नको." आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांनाच कळतो. लग्न घाईत ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचाच मुहूर्त होता. जाऊबाईंनी हॉलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोफा हाच देऊ. नवाच तं हाये. पन्नीही नाही काढली."

सोफा मारेगावला निघाला त्या दिवशी मी तिथेच होते, अंगणात. मेटॅडोर उभी होती आणि माणसं सोफ्याचे दोन भाग उचलून चढवत होती. पुतणी मेंदीचे हात वर धरून पायरीवर उभी होती. मला पाहून ती सगळ्यांना म्हणाली, "माह्या काकूनं पसंत केला हाये. काकूचा हात लागला तं वस्तू खोटी निघत नाही."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: हा नका देऊ. काहून म्हणून विचारलं असतं तर काहीतरी खोटं सांगता आलं असतं, पायात वाळवी आहे, स्प्रिंग गेली आहे. माझ्या धंद्यात अशी शंभर कारणं मला येतात. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात जाऊबाई सोफा न्यायला आलेल्या नवरदेवाच्या मामाला म्हणाल्या, "असली लेदर हाये जी. हात लावून पाहा." अगदी त्याच शब्दांत. वडील जसे बोलले होते, तसंच. आणि माझ्या आत काहीतरी इतकं सुखावलं की मी तोंड मिटलं. त्या एका घटकेला मला पुतणी दिसलीच नाही. तिची आई दिसली, सुपली दिसली. मेटॅडोर गेली. मी रुमाल हलवला.

दुसरा उन्हाळा सरला आणि पाऊसही ओसरला तेव्हा पुतणीचं डोहाळजेवण मारेगावला होतं. आम्ही दोघी गेलो. सासरकडच्या बाया जमल्या होत्या. सोफ्यावरची पन्नी त्या लोकांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. चांगली माणसं वस्तू वापरतात. पुतणीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून सोफ्याच्या मधोमध बसवलं. ओटी भरून झाली, ती उठली, आणि पाठमोरी झाली.

हिरव्या साडीवर काळे पोपडे.

तिच्या सासूबाई हसल्या आणि हातानं झटकायला लागल्या. मोठ्या आवाजात, गोड आवाजात म्हणाल्या, "काही नाही बाप्पा. पांढरकवड्याचं लेदर हाये."

बाया हसल्या. त्या हसण्यावरून कळत होतं की हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नाही. पुतणीही हसली. ते हसू मी ओळखलं. ते माझंच होतं, जुनं.

जाऊबाईंकडे पाहायचं म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते. पाहिलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. आणि हो, मला बरं वाटलं. अर्धा घोट. बाकीचा अर्धा घशात अडकला, तो अजून तिथेच आहे.

परतताना जाऊबाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "त्या दुकानदाराले मी सोडत नाही." दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या, आणि तिथून थेट माझ्या घरी आल्या. मी मशीनवर होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, माझे वडील त्यांच्या दारात उभे राहायचे तशा.

"तो मानूस म्हणते, त्यानं तुले सांगतलं होतं. काळा खोटा हाये म्हणून. खरं हाये का?"

"हो."

"मंग तू काहून..."

"तुम्हीच सांगतलं त्याले काहून ते. माह्या बापाच्या पँटची गोष्ट."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "मले मारायचं होतं तं मले मारती. पोरीनं काय केलं होतं तुहं?"

"माह्या बापानं काय केलं होतं तुमचं?"

मशीनच्या चाकावर माझा हात होता. इतक्या वर्षांचं वाक्य बाहेर पडलं होतं आणि ते फार लहान निघालं. मला वाटलं, त्या रडतील, ओरडतील, माफी तरी मागतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पदर खोचला आणि म्हणाल्या, "तिले मी नाही सांगनार. मी सांगतलं तं तिले वाटन, माय काकूवर जळते. तूच सांग. तिच्या तोंडाकडे पाहून सांग. ते पोरगी तुले आई म्हणाची तेवढी बाकी हाये, सांग तिले."

सूड कसा घ्यायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

पुतणी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी पांढरकवड्याला गेले. नव्या हॉलमध्ये आता सोफा नव्हता, रिकामी जागा होती आणि ती सतरंजीवर पाय पसरून, भिंतीला टेकून बसली होती. "ये काकू, बस," म्हणाली. मी बसले. जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या आणि तिथे भांड्याचा आवाज होत नव्हता.

मी सगळं सांगितलं. कमी शब्दांत. दुकान, डाग, मेटॅडोर. मेटॅडोर सांगताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तसं जाऊबाईंनी बजावलं होतं म्हणून.

तिनं विचारलं, "गाडी भरताना तुमाले माहीत होतं?"

जन्मापासून ती मला 'तू' म्हणत आली होती.

"हो."

"मी उभी होती पायरीवर."

"हो."

तिनं पोटावरून हात फिरवला. आत बाळ हललं असावं. मी म्हणाले, "मी येतो मारेगावले. माप घेतो. चांगलं जाड कव्हर शिवून देतो, एक पोपडा बाहेर दिसनार नाही. तुह्या सासूलेही सांगतो, माही चूक हाये, तुह्या मायची नाही."

"नको."

"अवं, असं कसं..."

"नको म्हटलं नं. कव्हर नको, काही नको. तुमी तिथं येऊही नका." ती ओरडली नाही. माझ्यासारखीच बोलते ती, हळू. "उघडाच राहू दे त्याले. मी रोज सकाळी झाडतो तो. रोज पोपडे उचलतो आन् रोज सासूचं बोलनं ऐकतो. एकही शब्द नाही विसरली मी. तेही म्हातारी होईन नं कधी? तिलेही कोनाच्या हातचं पानी प्याव लागन." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली, तेच हसू. "कशाची घाई हाये? मले थांबता येते. तुमच्याच घरी राह्यली नं मी."

मी उठले. सवयीनं साडी मागून झटकली. सतरंजी होती, तिथे काहीच चिकटलेलं नव्हतं.